पुलापलीकडचा पत्ता

शुक्रवारी दुपारी औषधाच्या दुकानात मिस्त्रीचं विमा कार्ड चाललं नाही.

काउंटरवरच्या बाईंनी ते यंत्रात दोनदा घातलं, कोटाच्या बाहीला पुसून तिसऱ्यांदा घातलं आणि मग स्क्रीनच त्याच्याकडे वळवली. ‘विमा स्थगित. कार्यालयाशी संपर्क साधा.’

“मशीनचा घोळ असेल,” तो म्हणाला. वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेली. पहिला संशय यंत्रावर घ्यायची सवय.

“तुमच्या आधी तिघांची चालली की.”

“मग पैसे घ्या. मी भरतो.”

“पैशांचा प्रश्न नाही हो. इन्सुलिन चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि चिठ्ठी आता कागदावर असते कुठं? ती कार्डातच. कार्ड बंद म्हणजे चिठ्ठीही बंद.” त्याचा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला. “घरी किती शिल्लक आहे?”

“बुधवारपर्यंत जाईल.”

निदान रक्त तपासायच्या पट्ट्या तरी घ्याव्यात म्हणून त्यानं बँकेचं कार्ड पुढे केलं. तेही नाकारलं गेलं. एकाच दिवशी दोन्ही कार्डं बंद पडणं म्हणजे यंत्राचा घोळ नव्हे, हे त्याला कळलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

इन्सुलिन त्याच्या मुलीसाठी होतं. ठमी सात वर्षांची. तिच्या शरीरात ते तयारच होत नसे, त्यामुळे दिवसातून चार वेळा टोचावं लागे. त्यात सुट्टी नाही, उधारी नाही.

दुकानाबाहेर फुटपाथवर तो ग्रीसचे हात पँटला पुसत उभा राहिला. असं का झालं असावं, हे त्याला न सांगता समजत होतं. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. त्या पुलापलीकडे राहायच्या, आणि नदीवरचा तो पूल म्हणजे दोन देशांची हद्द. बायको त्यांची एकुलती एक. सामान उचललं आणि तिघंही पलीकडे राहायला गेले. नोकरी मात्र अलीकडेच, स्वतःच्या देशात. सकाळी पन्नास मिनिटं बस, संध्याकाळी पन्नास मिनिटं बस. एवढंच असतं तर काही बिघडत नव्हतं. पण कामावर एक जण होता, ज्याला सगळे वकील म्हणत. कायद्यातलं काही कळत नसलं तरी तो बोलायचा थांबत नसे. तो म्हणाला, “पलीकडे राहतोस हे कळलं की विमा गेला समज. बँक खातं गेलं. कर दोन्हीकडे. पत्ता भावाचाच ठेव.” मिस्त्रीनं तेच केलं. सरकारदरबारी तो, बायको आणि ठमी अजूनही दादाच्या घरी तिसऱ्या मजल्यावर राहत होते. दोन डगरींवर पाय ठेवून तीन वर्षं छान गेली, आणि आता दोन्ही डगरी सरकायला लागल्या होत्या.

त्यानं दादाला फोन लावला.

“माझी काही पत्रं आलीत का?”

“आलीत की. तीन-चार. तुझं सगळं ड्रॉवरमध्ये ठेवतो मी.”

“उघडली नाहीस?”

“दुसऱ्याची पत्रं उघडू नयेत.”

“मग सांगायचंस तरी!”

“दर रविवारी येईन म्हणाला होतास बाळ्या. आलास का?”

मिस्त्रीनं फोन ठेवला. तो थेट दादाकडे गेला. टीव्हीखालच्या ड्रॉवरमधून दादानं विजेच्या बिलांखालून पाकिटं काढली आणि मिस्त्रीनं ती उभ्यानंच फाडली. पहिल्यात विमा कार्यालयानं विचारलं होतं, की मुलीच्या हॉस्पिटलच्या कागदांवर शाळा पुलापलीकडची दिसते, तर कुटुंब नक्की राहतं कुठे? दुसरी स्मरणाची चिठ्ठी. तिसरीत, उत्तर न आल्यानं विमा स्थगित करत असल्याचं, आणि सोमवारी सकाळी दहा वाजता नोंदवलेल्या पत्त्यावर तपासणी होईल, घरमालकानं राहण्याच्या हमीपत्रावर सही द्यावी, असं होतं. चौथं पाकीट बँकेचं. तिलाही तोच प्रश्न पडला होता, आणि तिलाही उत्तर मिळालं नव्हतं.

“एवढंच ना?” दादा म्हणाला. “येऊ दे त्यांना. मागची खोली तुमची. खाट टाकू, चार कपडे लटकवू, ठमीची दप्तर-पुस्तकं ठेवू. मी सही करतो. संपलं.”

“संपलं काय?” वहिनी दारात उभ्या होत्या. त्या शाळेच्या कचेरीत काम करत. हमीपत्र म्हणजे काय ते त्या घरात त्यांनाच नीट माहीत होतं. “खोट्या सहीला शिक्षा असते. माझी नोकरी सरकारी आहे.”

“तुला कोण विचारतंय सही?”

“विचारलं नाही तरी नवरा माझाच ना?” मग त्या मिस्त्रीकडे वळल्या. “भावजी, स्पष्ट सांगते. मी सोमवारी कामावर जाणार. घरात असले आणि कुणी विचारलं, तर मला खोटं बोलता येणार नाही. येतच नाही, काय करू? लगेच कान लाल होतात.”

एवढं बोलून त्या मागच्या खोलीत गेल्या आणि शिलाई मशीन बाजूला ओढायला लागल्या. खोली रिकामी करायला त्यांची ना नव्हती.

शनिवारी बायकोनं ऐकून घेतलं. सासूबाईंना भरवता भरवता, चमचा मध्येच थांबवत ती एवढंच म्हणाली, “खरं सांगून टाकू या.”

“आणि विमा रद्द झाला तर? बुधवारनंतर काय? इथल्या हॉस्पिटलात आपली नोंदच नाही. जीवावर बेतल्याशिवाय आत घेत नाहीत, तूच म्हणाली होतीस.”

“आणि खोटं पकडलं गेलं तर?”

“नाही पकडलं जाणार.”

“तू लिफ्टची दोरी बघताना असं म्हणतोस का? ‘नाही तुटणार’ म्हणून सोडून देतोस?”

रविवारी दुपारी दादा मागून आणलेली मालवाहू गाडी घेऊन पुलापाशी थांबला, आणि मिस्त्रीनं ठमीची घडीची खाट, तिचे फ्रॉक, दोन खेळणी आणि स्वतःचे शर्ट पुलावरून हातगाडीनं नेले. चौकीतल्या शिपायानं खाटेकडे पाहिलं. “घर बदलताय?”

“भावाकडे राहायला चाललोय दोन दिवस.”

“खाट घेऊन?”

“त्याच्याकडे जास्तीची नाही.”

शिपाई हसला आणि त्यानं हात हलवला.

ठमीला त्यानं गाडीतच पढवलं. “उद्या एक बाई येतील. त्यांनी विचारलं तर आपण काकांकडे राहतो. आई आजीला बघायला गेलीय.”

“आणि शाळेचं विचारलं तर?”

त्याचा विचारच त्यानं केला नव्हता. “तर गप्प बस.”

“गप्प बसले तर त्यांना कळेल ना.”

दादा स्टिअरिंगवरून खो खो हसला. “बाळ्या, पोरगी तुझ्यापेक्षा हुशार आहे.” मिस्त्रीला हसू आलं नाही.

सोमवारी सातला त्यानं ठमीला इंजेक्शन दिलं आणि नाश्ता पुढे ठेवला. नवं घर, नवी खुर्ची. तिनं अर्धाच खाल्ला. बाकीचं नंतर खाईन म्हणाली. त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. वहिनी साडेआठला पर्स उचलून निघाल्या. दारातून वळून दादाला म्हणाल्या, “पेन हातात घेण्याआधी एकदा नीट विचार करा.”

तपासणीच्या बाई दहाला पाच कमी असताना आल्या. पन्नाशीच्या, जाड चष्मा, तीन जिने चढून दम लागलेला. आधी पाणी मागितलं, मग फाइल उघडली.

“इथे किती जण राहता?”

“पाच,” दादा म्हणाला. “आम्ही दोघं, हे तिघं.”

“यांच्या पत्नी?”

“आईला बघायला गेल्यात. त्या आजारी असतात.”

हे खरंच होतं, म्हणून दादानं ते फार जोरात सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. त्यांनी न्हाणीघर पाहिलं, बाल्कनी पाहिली, मागच्या खोलीत गेल्या. कपाट उघडून त्या बराच वेळ आत बघत राहिल्या. फ्रॉक ओळीनं लटकत होते आणि प्रत्येकावर मधोमध पिशवीत दुमडल्याची घडी होती. बाईंनी बोटानं एक घडी सरळ केली आणि कपाट लावून टाकलं.

“मुलगी शाळेत कशी जाते?”

“बसनं,” दादा म्हणाला.

“किती नंबरची?”

दादानं मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीनं खिडकीकडे. दादा बँकेत शिपाई म्हणून लागला तेव्हापासून स्कूटरनंच फिरला होता. त्याला एकाही बसचा नंबर ठाऊक नव्हता. “बदलत असतात हो त्या,” तो म्हणाला आणि नको तेवढं हसला.

बाई बैठकीत येऊन बसल्या. हमीपत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि पेन त्यावर आडवं ठेवलं. “हे वाचा आणि सही करा. वाचूनच करा.”

दादानं चष्मा लावला. तेवढ्यात ठमी आतून आली. भिंतीला धरून चालत होती. तोंड पांढरं फटक, कपाळावर घाम.

“बाबा, माझे हात थरथरतायत.”

मिस्त्रीनं तिला एका झेपेत धरलं, बोटाला सुई टोचली, पट्टीवर थेंब घेतला. आकडा अठ्ठेचाळीस. इंजेक्शन पुरतं गेलं होतं, नाश्ता अर्धाच; रक्तातली साखर झपाट्यानं उतरत होती. ग्लुकोजची पुडी त्याच्या रोजच्या पिशवीत असे. ती पिशवी पुलापलीकडे, दारामागच्या खुंटीला होती.

“साखर! दादा, साखर कुठंय?”

दोघंही स्वयंपाकघरात धावले. मिस्त्रीनं पहिलं फडताळ उघडलं, तर साबण. दुसऱ्यात ताटं. दादानं एक डबा उघडला, मीठ निघालं. दुसरा उघडला, पीठ निघालं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि त्याला स्वतःच्या घरातली साखर सापडेना. “ती कुठं ठेवते कुणास ठाऊक!” तो डब्यामागून डबे खाली काढत ओरडत होता. एक डबा हातातून सुटला आणि डाळ जमिनीभर पसरली.

बाहेरून ठमीचा आवाज आला, जड जिभेनं बोललेला. “बाबा, आपल्या घरी खालच्या कप्प्यात असते ना…”

मिस्त्री धावत बाहेर आला, तेव्हा तपासणीच्या बाई गुडघे टेकून ठमीपाशी बसल्या होत्या. त्यांनी पर्समधून फळाच्या रसाचं छोटं खोकं काढून त्याची नळी तिच्या ओठांत दिली होती. “हळूहळू. सगळं संपव. शाब्बास.” मग वर न बघता म्हणाल्या, “मलाही इन्सुलिन लागतं. मी रस घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.”

साखर चढायला पंधरा मिनिटं लागतात. मिस्त्री मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि घड्याळाचा काटा बघत राहिला. दादा पायांना चिकटलेली डाळ झटकायचंही विसरला होता. पुन्हा थेंब घेतला. ब्याण्णव. ठमी उठून बसली आणि तिनं उरलेला नाश्ता मागितला.

ती खायला लागली, तसा मिस्त्री तपासणीच्या बाईंकडे वळला.

“बाई, आम्ही इथं राहत नाही,” तो म्हणाला.

“बाळ्या!”

“नाही राहत दादा. हिनं मघाशी ज्या घरातला साखरेचा कप्पा सांगितला, तिथं राहतो. पुलापलीकडे. तीन वर्षं झाली. खाट काल आणलीय. भावाचा यात दोष नाही, तो माझ्यासाठी करत होता.”

दादा खुर्चीत मटकन बसला. बाईंनी हमीपत्र उचलून उलटसुलट पाहिलं. “सही झालेली नाही. तुमच्या भावाचं नशीब चांगलं.” त्यांनी ते फाइलमध्ये परत ठेवलं. “मला कपाट उघडल्यावरच कळलं होतं. पण मी ते लिहिण्याआधी तुम्ही सांगितलंत, हे मी अहवालात लिहीन. आता मला एक सांगा. लपवलंत कशासाठी?”

“विमा जाईल म्हणून.”

“कोण म्हणालं?”

“कामावरचा एक.”

“त्याचं काम काय?”

“तो लिफ्टच्या केबल ओढतो.”

“मग त्यानं केबल ओढाव्यात.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “ज्या देशात काम, त्या देशात विमा. तुम्ही इथे नोकरी करता, तुमच्या पगारातून हप्ता जातो. राहायला तुम्ही कुठेही असा. आम्हाला फक्त खरा पत्ता लागतो. एक फॉर्म भरला असतात तर मुलीला दोन्हीकडे औषध मिळालं असतं. दोन्हीकडे! काखेत कळसा आणि तीन वर्षं गावाला वळसा घातलात तुम्ही.”

मिस्त्रीला काय वाटलं, ते त्याला नंतरही कधी नीट सांगता आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं, आणि कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखंही.

“म्हणजे विमा चालू होईल?”

“होईल. पण खोटा पत्ता दिल्याचा दंड लागेल आणि तो मला माफ करता येत नाही. पलीकडच्या कर कचेरीला आमच्याकडून पत्र जाईल. तिथेही तुम्हाला उभं राहावं लागेल. आणि विमा चालू करायला तिथल्या नगर कचेरीचा राहण्याचा दाखला लागतो. कोरा नाही, शिक्क्यासकट. तो बुधवारी बारापर्यंत आणलात तर मी दुपारी तात्पुरतं कार्ड काढून देते. गुरुवारपासून मी रजेवर आहे. मग साहेब कधी बसतील, सांगता येत नाही.”

“बुधवारी तिचं औषध संपतंय.”

“म्हणून तर बुधवार म्हणाले.”

त्या गेल्या. दादानं त्यांना दारापर्यंतही सोडलं नाही. मिस्त्री खाटेची घडी घालत असताना तो म्हणाला, “मी तुझ्यासाठी तोंडावर खोटं बोललो आणि तू माझ्यासमोर मला खोटा पाडलास.” आणि खोलीचं दार ओढून घेतलं. डाळ वहिनींनी संध्याकाळी येऊन भरली.

नगर कचेरीत मंगळवारी बायको सकाळीच रांगेत उभी राहिली. खिडकीतल्या माणसानं सांगितलं, घर सासूबाईंच्या नावावर आहे, तेव्हा त्यांनी स्वतः येऊन सही करायला हवी. त्या आजारी आहेत, उजवा हात चालत नाही, हे सांगून झालं. “मग घरभेटीसाठी अर्ज करा. पंधरा दिवस लागतील.” बायकोनं वाद घातला नाही. बुधवारी सकाळी आठला तिनं आणि मिस्त्रीनं सासूबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि दीड किलोमीटर ढकलत नेलं. कचेरीच्या पायऱ्या अकरा. लिफ्ट होती, पण दारावर ‘बंद आहे’ अशी पाटी. मिस्त्रीनं पाटीकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची पाठीमागून उचलली. पुढून एका अनोळखी माणसानं हात लावला.

सासूबाईंनी डाव्या हातात पेन घेतलं. तीन वर्षांत त्यांनी काही लिहिलं नव्हतं. पहिलं अक्षर कागदाबाहेर गेलं.

“सही जुन्या सहीशी जुळायला हवी,” खिडकीतला माणूस म्हणाला.

सासूबाईंची जीभ अर्धीच वळायची. तरी त्या जे बोलल्या, ते रांगेतल्या शेवटच्या माणसालाही कळलं. “हात जुळवून दे आधी. मग सही जुळवते.”

रांगेत कुणीतरी हसलं. खिडकीतला माणूस उठून आत गेला. दहा वाजले. सव्वादहा. मिस्त्री मनातल्या मनात बसचं वेळापत्रक मोजत होता. शेवटी एक वयस्क अधिकारी बाहेर आले, त्यांनी सासूबाईंचा अंगठा उमटवून घेतला, खाली स्वतः सही केली आणि शिक्का मारला.

मिस्त्रीला पावणेअकराची बस मिळाली. पूल ओलांडताना चौकीपाशी गाड्यांची रांग होती. तो मध्येच उतरला आणि पुढचं अंतर पळत गेला. विमा कार्यालयात पोचला तेव्हा बाराला सात मिनिटं होती. तपासणीच्या बाईंनी दाखला उजेडात धरून शिक्का बघितला, आणि तात्पुरतं कार्ड काढायला यंत्र चालू केलं. संध्याकाळचं इंजेक्शन ठमीला इन्सुलिनच्या नव्या पेनमधून मिळालं.

पुढचं सगळं इतकं झटपट झालं नाही. बँकेनं जुनं खातं बंद करून परदेशी राहणाऱ्यांचं नवं खातं उघडायला पाच आठवडे लावले. तोवर बायकोनं शेजारणीकडून उसने घेऊन घर चालवलं. पलीकडच्या कर कचेरीत तीन वर्षांचे पगाराचे कागद मागितले. एकाच पगारावर दोनदा कर लागत नाही, हेही तिथंच कळलं. उशिराचा दंड तेवढा लागला, तो हप्त्यांनी फेडायचा ठरला. कामावर साहेबांनी त्याचं नाव तातडीच्या दुरुस्त्यांच्या यादीतून काढलं. लिफ्टमध्ये माणूस अडकला तर हद्द ओलांडून येणारा मिस्त्री काय कामाचा, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. त्यामुळे पगार कमी झाला. वकिलानं मात्र सगळ्यांना सांगितलं, की मी आधीच म्हणालो होतो.

दादा दोन महिने बोलला नाही. फोन वहिनी उचलायच्या, खुशाली सांगायच्या आणि “ते जरा बाहेर गेलेत” म्हणायच्या. मागून टीव्ही आणि दादाचा खोकला ऐकू यायचा.

मग एका रविवारी दुपारी दारात दादा उभा. स्कूटरवरून पूल ओलांडून आला होता. आत येऊन तो भिंती, खिडक्या, सासूबाईंचा पलंग, ठमीचा अभ्यासाचा कोपरा असं सगळं पाहत राहिला. सासूबाईंना नमस्कार केला. खुर्चीत बसला आणि गुडघे चोळू लागला.

“मला वाटलं होतं, मी चिडलोय ते त्या बाईंसमोर तोंडघशी पडलो म्हणून,” तो म्हणाला. “पण ते नाही. आज चौकीत शिपायानं विचारलं, कुठं चाललात, तर मला पत्ता सांगता येईना. सख्खा भाऊ तीन वर्षं कुठं राहतो, त्याचा रस्ता मला माहीत नाही, विचारत विचारत आलो. कुणाला कळू नये म्हणून तू मला कधी इथं बोलावलंच नाहीस.”

मिस्त्री खाली बघत म्हणाला, “हो. नाही बोलावलं.”

“चूक केलीस.”

“हो.”

दादानं मान हलवली. आतून बायकोनं चहाचं विचारलं. दादानं खिशातून फोन काढून मिस्त्रीच्या हातात दिला.

“तुझ्या वहिनीला लाव आणि सांग, मी जेवूनच येतो. मी सांगितलं तर तिला खरं वाटायचं नाही.”